एकविसावर थांबलेले माप

ज्या माणसावर आपण आयुष्यभर प्रेम केले त्याच्या हातून अखेरच्या काळात एखादी चूक घडली, तर ती चूक कोणाची मानावी? त्याची म्हणावी, तर ती घडली तेव्हा तो पुरता स्वतःचा राहिलेला नव्हता. जगाची म्हणावी, तर जगाला तिची वार्ताही नसते. उरतो तो एकच जीव, जो त्या दिवसांत त्याच्या शेजारी बसून होता आणि ज्याने मौनाचे वचन दिले होते. त्या मौनापायी दुसऱ्या कोणाचा हात निकामी होण्याची वेळ आली, तर वचन राखावे की हात राखावा? हा प्रश्न व्हर्लीन स्ट्राउड या एकाहत्तर वर्षांच्या विधवेपुढे एप्रिलातल्या एका शुक्रवारी सकाळी, टल्सा शहराच्या अकराव्या रस्त्यावर, तांबडा दिवा लागलेला असताना येऊन उभा राहिला.

तसे झाले होते अगदी क्षुल्लक. पुढचा ट्रक अवचित थांबला, तिने करकचून ब्रेक दाबला, आणि शेजारच्या आसनावरची पुठ्ठ्याची पेटी घसरून खाली उलटली. पेटीत सात काडतुसे होती. ड्वाइटने, तिच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने भरलेली शेवटची सात. दोन वर्षे ती त्याच्या बहिणीकडे, इमोजीनकडे, काचेच्या कपाटात त्याच्या हॅटशेजारी ठेवलेली होती आणि नुकतीच व्हर्लीन ती तिच्याकडून घेऊन निघाली होती. वाकून तिने एकेक वेचले. शेवटचे बोटांत आले तेव्हा, कुंकवाचा करंडा उघडण्यापूर्वी बाई जशी तो सहज हलवून पाहते, तशी तिच्या मनगटाने एक जुनी हालचाल केली: काडतूस कानाशी नेले आणि हलवले. आतून आवाज आला. सर्र. वाळूच्या घड्याळात असते तेवढीच, बारीक सरसर. दिवा हिरवा झाला. मागून कोणी भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, मग एकाने खिडकीतून डोके काढून, “बाई, झोप लागली का?” असे विचारले, आणि व्हर्लीनला त्या सगळ्या कोलाहलात ती सरसर तेवढी ऐकू येत राहिली. कारण त्या काडतुसातून आवाज येताच कामा नये होता.

ड्वाइटनेच हे तिला शिकवले होते. आजकालच्या, धूर न करणाऱ्या बंदुकीच्या दारूची गोष्ट वेगळी. तिला आत मोकळी जागा चालते. पण जुन्या काळ्या दारूला आणि तिच्या जागी आता वापरतात त्या पर्यायी दारूला पोकळी सोसत नाही. पितळेच्या पुंगळीत ती काठोकाठ हवी, वरून शिशाची गोळी तिच्यावर दाबून बसायला हवी. मध्ये रिती जागा राहिली, तर चाप ओढल्यावर त्या जागेत काय होईल याचा भरवसा नाही. कधी काहीच होत नाही; कधी नळी फुगते; आणि एकदा, फार वर्षांपूर्वी, कॅन्ससच्या एका माणसाची दोन बोटे गेलेली त्या दोघांनी डोळ्यांनी पाहिली होती. “भरलेलं काडतूस मुकं पाहिजे,” ड्वाइट म्हणे. “बोललं की समजावं, भरणारा बावळट होता.” शहरातल्या जुन्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले होते; दोरावर माणसे टांगणाऱ्याला अंदाज हा शब्द माहीत असता कामा नये, असे तो म्हणत असे. आणि त्याच्या नेमबाजीच्या क्लबातली निम्मी माणसे काडतुसांत दारू भरायला त्याच्याच टेबलाशी शिकली होती.

घरी येऊन तिने सातही काडतुसे ओळीने कानाशी नेली. सातही बोलली. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, आणि भीतीच्या आधी तिला जे वाटले त्याची तिला लाज वाटली: तिला त्याची भेट झाल्यासारखे वाटले. त्या सरसरीत तो होता. हॅटमधला, काचेच्या कपाटातला, इमोजीनच्या गोष्टींतला कधीही न चुकणारा ड्वाइट नव्हे. त्या शेवटच्या हिवाळ्यातला, मोजे शीतकपाटात ठेवणारा, तिला आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारून लगेच तिचा चेहरा पाहून ओशाळणारा, तिचा, फक्त तिलाच ठाऊक असलेला. एके दुपारी दारू भरायच्या टेबलाशी बसून तो बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिला होता, आणि मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला होता, “व्हर्ल, क्लबातल्यांना कळू देऊ नकोस. माणूस विसरला तर चालेल. पण डीकन विसरला असं नको.” डीकन हे त्याचे क्लबातले नाव. जुन्या काळचा पोशाख करून, जुन्या धाटणीची रिव्हॉल्व्हरे कमरेला लावून ती मंडळी जमत, आणि तिथे कोणालाही खऱ्या नावाने हाक मारीत नसत. व्हर्लीन तिथे मिस फ्लिंट होती. तिने ‘हो’ म्हटले होते. त्यानंतर चार महिने तिने त्याची वाक्ये पुरी केली, त्याच्या गुडघ्याचे खोटे दुखणे सांगून नेमबाजीचे शनिवार चुकवले. मार्चात न्यूमोनियाने तो गेला, तेव्हा साऱ्यांनी म्हटले, शेवटपर्यंत डोके कसे शाबूत होते त्याचे. तिने मान हलवली. ती मान अजून हलतेच आहे, असे तिला वाटले.

मग ती उठली आणि तिने त्याचा खण उघडला. दारूचे माप तिथेच होते: पितळेची अंगठ्याएवढी नळी, तिच्यात वर-खाली सरकणारा दांडा, दांड्यावर आकडे, आणि तो जागीच धरून ठेवणारा स्क्रू. ही पर्यायी दारू जुन्या दारूहून हलकी असते. म्हणून ती काट्यावर तोलायची नसते, जुन्या दारूच्याच मापाने मापायची असते. माप तीसवर लावायचे. त्या तिसाचे तोलून वजन केले तर ते भरते एकवीस. नवशिक्याचा गोंधळ होतो तो इथेच. एखादे पोर दारू तोलायला बसले की ड्वाइट त्याच्या हातावर टपली मारी: “तोलू नकोस, माप. एकवीस विसर. एकवीस काट्याचा आकडा, तुझा नाही.” व्हर्लीनने चष्मा लावून माप उजेडात धरले. दांडा एकविसावर होता: काट्याचा आकडा मापावर लावलेला, म्हणजे प्रत्येक पुंगळीत जवळजवळ तिसरा हिस्सा दारू कमी. स्क्रू घट्ट, चिमट्याने पिळून घट्ट केलेला, कोणी पुन्हा हलवू नये म्हणून. तो चुकला होता, पण निष्काळजीपणाने नाही. शेवटचे जे बोट आठवणीला धरून होते, त्या बोटाची सारी शक्ती एकवटून तो चुकला होता. ती स्क्रूवरून अंगठा फिरवीत राहिली. त्याच्या कपाळावरून फिरवावा तसा.

आणि तेव्हा तिला हार्लन आठवला. त्याच हिवाळ्यात, नाताळाला, ड्वाइटने हार्लन ब्युएलला पन्नास काडतुसांची पेटी भेट दिली होती. हार्लन क्लबाचा प्रमुख. तिथे त्याला जज म्हणत. आणि उद्याच्या शनिवारी वसंतातला पहिला मेळावा होता. क्लबाची रीत अशी, की सभासद गेला म्हणजे त्याने भरून ठेवलेली शेवटची पाच काडतुसे त्याच्या घरच्याने त्या दिवशी सर्वांसमोर उडवायची. गेल्या वर्षी व्हर्लीनच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते टळले होते. यंदा इमोजीन हटून बसली होती. “सात गोळ्या आहेत. पाच उडव, दोन परत आण,” ती आज सकाळीच म्हणाली होती. “त्या दोन माझ्या शवपेटीत ठेवायच्यात. भावाच्या हातचं काहीतरी असू दे की बरोबर.”

व्हर्लीनने फोन लावला. पस्तीस वर्षांच्या धडाक्यांनी हार्लनचे कान गेले होते. तो सगळ्यांशी ओढ्यापलीकडून बोलल्यासारखा बोले.

“कसली पेटी?”

“ड्वाइटनं दिलेली! नाताळातली! आहे का अजून?”

“आहे म्हणजे? एकही गोळी उडवली नाही मी त्यातली! उद्यासाठी राखलीय. तू पाच, मी पाच. पट्ट्यात भरून बसलोय आत्ताच.”

“काढ त्या. मला परत हव्यात.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग, “माझा कान मेलाय की तू खरंच तसं म्हणालीस?”

“तसंच म्हणाले.”

“का?”

ती उभी होती. खिडकीबाहेर शेजारीण सांडलेला कचरा गोळा करीत होती. एक शब्द पुरला असता, आणि तो एक शब्द गेली दोन वर्षे तिच्या दातांमागे होता. “मी म्हणते म्हणून,” ती म्हणाली.

“व्वा! मिस फ्लिंट, लग्नाच्या रात्रीपासून तू त्याला असंच वागवलंस का गं? बिचारा बोलला नाही कधी.” आणि हसत त्याने फोन ठेवला.

सबंध दुपार तिने ते काम केले. चाळीस वर्षे ती दातांच्या कवळ्या घडवीत आली होती. तिची बोटे केसाच्या फरकाने चालत. गोळी उपटण्याच्या हातोडीने तिने एकेक काडतूस ठोकले, शिसे निघाले, करडी दारू बशीत पडली. सातांची मिळून बशीत एक छोटी टेकडी झाली. मग तिने चिमट्याने तो स्क्रू सैल केला. त्या क्षणी तिला थांबावेसे वाटले. जगात त्याच्या हाताने घट्ट केलेले आणखी काय उरले होते? एकवीस हा त्याने केलेला शेवटचा निर्णय होता, आणि ती तो उलटवीत होती. पण तिच्या डोळ्यांसमोर हार्लनचा उजवा हात आला, केसाळ, अंगठीचा, रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढणारा. तिने दांडा तीसवर आणला, घट्ट केला. त्याच पुंगळ्या, तेच शिसे, तीच दारू. फक्त माप खरे. सातांची दारू पाचांत भरली आणि शेवटच्यात जराशी कमी पडली, ती तिने आपल्या डब्यातून घातली. पाचही कानाशी नेली. मुकी होती. हे कोणालाही सांगायचे नाही, हे तिने ठरवले. आणि हार्लनच्या पट्ट्यातल्या काडतुसांपैकी एकही उडू द्यायचे नाही, हेही. दोन्ही एकाच वेळी कसे साधणार, ते तिला ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होती ती फक्त पाठीच्या कण्यातून वर चढत असलेली एक जुनी, हट्टी, ताठर ऊब, जी ड्वाइटला आवडत असे आणि इमोजीनला कधीच आवडली नव्हती.

शनिवारी तांबड्या मातीच्या त्या मैदानावर वारा सुटला होता. ओढ्याकाठची रेडबडची झाडे जांभळ्या फुलांनी भरली होती, मोठ्या पातेल्यात मांसाची तिखट चिली रटरटत होती, बायकांचे लांब घागरे वाऱ्याने फडफडत होते. इमोजीनने पीच फळांचा गोड ‘पाय’ भाजून आणला होता आणि डोक्याला काळी फीत लावली होती. हार्लन काडतुसांचा पट्टा लावून आला. पितळेची ती ओळ उन्हात चमकली आणि व्हर्लीन सरळ त्याच्याकडे निघाली.

“जज, त्या काढ,” ती त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली. “माझ्याकडच्या घे हव्या तर. पण त्या नकोत.”

“कालचंच पुराण?” त्याने हात कानामागे नेला. “अगं, भेट दिलीय त्यानं मला!”

इमोजीन मध्ये आलीच. “सांगू का मी काय आहे ते? हिला सगळा ड्वाइट एकटीला हवाय. जिवंत होता तेव्हा शेवटचे चार महिने घराबाहेर काढला नाही त्याला. मी भेटायला यायची, तर ‘झोपलाय’. आणि आता मेलेल्याच्या गोळ्या पण मोजून परत मागते!”

“हो,” व्हर्लीन म्हणाली. “मला सगळा हवाय.”

आजूबाजूची माणसे आपापल्या बुटांकडे पाहू लागली. कोणी तरी “जाऊ दे गं, इमोजीन,” असे पुटपुटले. हार्लनने मान झटकली आणि टेबलाकडे चालू लागला, जिथे उभे राहून निशाण साधायचे असते. तेव्हा व्हर्लीनने जे केले ते तिने आधी ठरवलेले नव्हते. ती त्या टेबलाला वळसा घालून पुढे गेली. नेमबाजीच्या मैदानावरचा एक नियम सर्व नियमांच्या वरचा आहे: टेबलापुढे एकही माणूस असेतो कोणी शस्त्राला हात लावायचा नाही. लोखंडी निशाणांपाशी गवताचा एक भारा होता. घागरा सावरून ती त्याच्यावर बसली, दुखरा गुडघा लांब केला, आणि हात मांडीवर ठेवले.

“सगळ्यांनी हात बाजूला!” कोणी तरी ओरडले. चाळीस माणसे हात लोंबकळवून उभी राहिली.

“फ्लिंट! वेड लागलं का?”

तिने घागऱ्याची किनार पायांखाली दाबून धरली. तिच्या मागे लोखंडी पत्रे वाऱ्याने हळू किणकिणत होते. पुढे चाळीस चेहरे. आणि तिला विलक्षण मोकळे वाटले. दोन वर्षे ती जे राखीत आली होती त्याच्यासमोर ती आज उघड्यावर शरीराने बसली होती; आता कोणी काही म्हणो, हलवता येणार नव्हते तिला. त्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा ड्वाइट चपला घालून हिमात रस्त्यावर निघाला होता, तेव्हा ती अशीच दाराशी त्याच्या पुढ्यात बसून राहिली होती, आणि तो म्हणाला होता, “बाई, बाजूला व्हा, मला कामावर जायचंय.” ती हलली नव्हती. त्याने तिला ‘बाई’ म्हटले होते आणि ती हलली नव्हती. ज्या स्त्रीला आपल्याच नवऱ्याकडून परक्या बाईसारखे ‘बाजूला व्हा’ ऐकावे लागले आहे, तिला इमोजीनच्या चार शब्दांनी काय होणार होते?

शेवटी हार्लन एकटा चालत आला. पट्टा त्याने तिथेच सोडून ठेवला होता, हातात एकच काडतूस. भाऱ्यावर तिच्याशेजारी बसताना त्याचे गुडघे वाजले.

“व्हर्लीन,” तो म्हणाला. या मैदानावर त्याने तिला खऱ्या नावाने हाक मारण्याची ही पहिली वेळ. त्याच्या मते तो कुजबुजत होता; बरे की वारा टेबलाकडून येत होता. “काय आहे यात?”

“मी काहीच सांगणार नाही, हार्लन. मला विचारू नकोस. विचारलंस तर मी खोटं बोलेन, आणि मला ते चांगलं जमतं.”

तो काडतूस बोटांत फिरवीत राहिला. मग त्याने ते कानाशी नेले, हलवले, आणि कडवट हसला. त्या कानाला आता असली बारीक सरसर ऐकू येत नव्हती. तिला वाटले, संपले. उठेल आणि जाईल. पण तो बसून राहिला. मग हळूच, जणू काही जुने आठवल्यासारखे, त्याने ते पितळ दातांत धरले, डोळे मिटले आणि बोटाच्या टोकाने त्याला टिचकी मारली. कानाला ऐकू येत नाही ते कधी कधी दातांना जाणवते. एकदा. पुन्हा एकदा. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, ओढ्याकडे पाहिले.

काडतूस खिशात टाकून तो म्हणाला, “त्या नाताळात त्यानं मला अर्ल म्हणून हाक मारली. दोनदा. अर्ल माझा भाऊ. मला वाटलं, थट्टा.” मग मान हलवून, “नाही. नाही वाटलं थट्टा. मीही कोणाला बोललो नाही.”

तिचा हात मांडीवरून उचलला गेला आणि त्याच्या केसाळ मनगटावर क्षणभर टेकला. त्याच्या हाताची पाचही बोटे शाबूत होती.

दोघे टेबलाकडे परतली. हार्लनने पट्टा उचलला, तसाच व्हर्लीनच्या पिशवीत टाकला आणि आपल्या नेहमीच्या, ओढा ओलांडणाऱ्या आवाजात जाहीर केले, “माझं चुकलं! तळघरात ठेवलेली पेटी मी. गेल्या वसंतात पाणी शिरलं होतं. सगळी दारू ओली झाली असणार. फ्लिंटला ठाऊक होतं, मला आठवलं नाही. म्हातारा झालोय.”

“तुझ्या हातात काय टिकलंय आजवर!” इमोजीन कडाडली. “दोन बायका टिकल्या नाहीत, ड्वाइटच्या गोळ्या काय टिकणार!”

“तीन,” हार्लन म्हणाला. सारे हसले, आणि हात पुन्हा सैल झाले.

व्हर्लीन टेबलाशी उभी राहिली. रिव्हॉल्व्हर इटलीत घडवलेले, जुन्याची हुबेहूब प्रतिकृती. लाकडी मूठ ड्वाइटच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. चक्रात सहा घरे. एक भरायचे, एक सोडायचे, मग चार भरायची. म्हणजे घोडा रिकाम्या घरावर विसावतो. ते सहावे घर नेहमी रितेच ठेवायचे असते.

“त्याच्याच ना या?” मागून इमोजीनने विचारले. आवाज जरा उतरला होता.

“नाही,” व्हर्लीन वळून म्हणाली. “या माझ्या आहेत. मी भरल्या.”

“आणि त्याच्या?”

“मी फोडल्या.”

इमोजीनचा चेहरा पांढरा झाला. व्हर्लीनने तो पांढरा होऊ दिला. तिने घोडा मागे ओढला, तो टचकन बसला, आणि तिने चाप दाबला. ढगासारखा धूर उठला, गंधकाचा, सडक्या अंड्याचा तो वास, लोखंड वाजले, धूर विरायच्या आत तिने दुसरी सोडली, मग तिसरी, निशाण दिसत नसताना, केवळ हाताच्या ओळखीवर. चौथी. पाचवी. पाचही वेळा लोखंड वाजले. मग तिने सहाव्यांदा घोडा ओढला आणि रिकाम्या घरावर चाप दाबला, नियमात नसतानाही. आणि तो रिता टक् आवाज त्या शांततेत साऱ्यांना ऐकू गेला. हार्लनला सोडून. पण त्याने हॅट काढली होती.

तिने पुंगळ्या टेबलावर पाडल्या, काळ्या पडलेल्या, अजून गरम. त्यांतल्या दोन उचलून ती इमोजीनकडे गेली.

“तुझ्या दोन.”

“रिकाम्या?”

“रिकाम्याच.”

इमोजीनने त्या झिडकारण्यासाठी हात उचलला. पण हातात आल्यावर तिने त्या नकळत नाकाशी नेल्या. “त्याच्या कोटाला यायचा हा वास,” ती कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, आणि पर्सची चेन उघडून त्या आत टाकल्या. व्हर्लीनशी ती त्या दिवशी पुढे एक शब्दही बोलली नाही. पीच पायचा तुकडा मात्र तिने तिच्यासाठी झाकून ठेवला होता.

त्या धुराची काजळी लोखंड खाते. त्याच दिवशी धुतली नाही तर सकाळी गंज चढतो. म्हणून ऊन कलायच्या आत घरी येऊन व्हर्लीनने मोरीत कढत साबणाचे पाणी सोडले आणि चक्र त्यात बुडवले. पाणी काळे झाले, मग करडे, मग स्वच्छ. एकेक घर तिने ब्रशाने घासले, रिकामेही. माप तीसवर होते. ते तिने तसेच खणात ठेवले.

ज्याने घट्ट स्क्रू पिळला त्याच्या बोटांना विश्रांती मिळो. ज्याने दातांनी ऐकले आणि स्वतःला विसराळू म्हणवून घेतले, त्याचे हात शाबूत राहोत. जिला रिकाम्या पुंगळ्यांत भाऊ सापडला, तिचा राग तिला ऊब देत राहो. आणि जी हलली नाही, तिला यापुढे कोणी न हलवो.